परत आलेले ट्रे

बावीस वर्षं मी या खिडकीत आहे.
कन्सेप्सियोन, दंतमहाविद्यालय, दुसरा मजला.
पाठीमागे दोन ऑटोक्लेव्ह आणि वाफेनं कायम ओली भिंत,
पुढ्यात दोन वीत उंचीची फट.
तिच्यातून ट्रे जातात, ट्रे येतात.
मुलं मला अर्धीच दिसतात,
हनुवटीपासून खिशातल्या पेनापर्यंत.

ट्रे मात्र अख्खा दिसतो.

सोमवारी डॉक्टर बारिएन्तोस असतात.
सोमवारचा ट्रे मी अंधारातही ओळखीन:
सगळी हत्यारं वापरलेली, एकही जागेवर नाही,
हातमोज्यांच्या तीन तीन जोड्या, बोटांशी फाटलेल्या,
आरसा पालथा.
कापसाचे बोळे कुणीतरी बसल्या बसल्या
पिंजून पिंजून धूळ केलेले.
एकदा मेणाची दाढ आली,
रात्र रात्र जागून कोरलेली असणार,
मधोमध चेपलेली. अंगठ्याचा ठसा स्पष्ट.
मुलांचे अंगठे एवढे रुंद नसतात.

गुरुवारी डॉक्टर रिफो. त्यांचा गुडघा धरतो,
म्हणून चाकांचं स्टूल ओढत
एकेका खुर्चीपाशी जाऊन बसतात.
बस्स, बसतात. दुसरं काही विशेष करत नाहीत.
गुरुवारच्या ट्रेवर मला गोळीचा चुरगळलेला कागद सापडतो.
एकदा तर हातमोजा फुगवून केलेला कोंबडा.
मी ओरडले, आणि तो कोंबडा
सुकेपर्यंत नळावर बांधून ठेवला.

ऑगस्टमध्ये राजधानीहून एक बाई आल्या, कागदांचा गठ्ठा घेऊन.
एक ते पाच: झोप किती, धास्ती किती,
शिकवणारे ऐकून घेतात का?
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून...
मुलांनी पेनं चावत गोल भरले.
खिडकीला कुणी विचारलं नाही.

मिलाराय आन्तिलेओ, चौथं वर्ष.
इथे ज्याचा पेशंट त्यानं आणायचा.
तिचा म्हातारा एलेउतेरियो, लोताच्या कोळशाच्या खाणीत राबलेला,
बसचं भाडं ती देते, वर चहा-पाव.
परीक्षेच्या सोमवारी तो आला नाही.
जिन्यात उभी राहून तिनं फोनवर दातांच्या कण्या केल्या,
नातीपाशी, शेजाऱ्यापाशी, बंद फोनच्या ध्वनिफितीपाशीसुद्धा.
आठ चाळीसला फटीत पहिल्यांदाच
एक पूर्ण चेहरा दिसला. वाकलेला.
"एदुविनाबाई, तुमचा एखादा दात किडलाय का हो?"

किडलाय. खाली, डावीकडे.
भूकंपाच्या वर्षापासून टाळते आहे.

खुर्चीतून छत फार जवळ दिसतं.
तिची करंगळी माझ्या हनुवटीवर टेकली
आणि तिच्यातली थरथर माझ्या जबड्यात उतरली.
मागे बूट येऊन थांबले.
बारिएन्तोस काहीच बोलत नाहीत,
आणि ते न बोलणं पोरीच्या मानेवर बसतं.
मास्कच्या आत तिचे दात एकमेकांवर घासले,
मला ऐकू आलं. इतक्या जवळून येतं ऐकू.
माझा एक वाचवायला
ही आपले बत्तीस झिजवत होती.

म्हणायचं होतं, बसा की जरा, डॉक्टर.
पण तोंडात कापूस, नळी, आरसा, आणि दोन बोटं.
म्हणून मी पाय लांब केला
आणि स्टूल ढकललं.

ते घरंगळत जाऊन त्यांच्या नडगीवर आपटलं.
सगळ्या खुर्च्या गप्प.
ते बसले नाहीत.
पण पाठीमागे बांधलेला एक हात सोडवून
त्यांनी तो स्टुलावर ठेवला,
जसं काही ते तिथे त्यासाठीच आलं होतं.
करंगळी स्थिर झाली.
निदान मला तसं वाटलं. भूल चढली होती.

दुपारी माझाच ट्रे मी धुतला.
हातमोजे: एक जोडी.
कापूस: बोळ्याचा बोळा.
आरसा: पालथा.